अलेक्साची केटी

निधीच्या आईला केटी लागली, ही बातमी दहिसरच्या रावळपाड्यातल्या शिवसदन सोसायटीत पसरवली ती खुद्द तिच्या सासूने. तीही चहाडी म्हणून नाही हं, पार काळजीपोटी.

झालं असं, की दुपारी आईचा हेडफोन बिघडला आणि तिने मिहिरचा कॉल स्पीकरवर घेतला. मिहिर म्हणजे आईचा मॅनेजर. अंधेरीच्या काचेच्या ऑफिसात बसतो आणि प्रत्येक वाक्य इस्त्री करून आणल्यासारखं बोलतो. "तर मॅडम, या महिन्यात तुमची केटी पूर्ण करून टाकू," एवढंच तो म्हणाला, आणि तिकडे स्वयंपाकघरात नलिनी आजीच्या हातातलं सुकटीचं ताट खाली आलं.

मुंबईत केटी म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कॉलेजात विषय राहिला, केटी लागली, बसा परत. आजीच्या धाकट्या लेकाने डिप्लोमाला असताना इतक्या केट्या जमवल्या होत्या, की त्या शब्दाची तिने कायमची धास्ती घेतलेली. तिने सुकट तशीच टाकली आणि शेजारच्या जयंतीकाकूंचं दार गाठलं.

"ह्या वयात गो! दिवसभर त्या लॅपटॉपाक डोळे लावून बसता, आणि शेवटाक काय, तर केटी!"

जयंतीकाकू वाटीभर शिरा घेऊन हजर. "अक्षता, मनाला लावून घेऊ नको हं. माझ्या भावाला दोनदा लागली होती. आज बँकेत आहे."

आई शिऱ्याकडे बघतच राहिली. निधी शाळेतून आली तेव्हा हा सीन चालू होता. ती दप्तरासकट जमिनीवर बसली आणि पोट धरून हसली. निधी दहावीत. गेल्या गॅदरिंगला तिने सूत्रसंचालन केलं, हॉलभर टाळ्या घेतल्या, आणि तेव्हापासून तिचा जो आवाज फुटला तो कोणाच्या बापाला, म्हणजे तिच्याही बापाला, आवरत नव्हता.

"आजी, आईला केटी! अगं ती नापास व्हायला परीक्षेला बसली कधी?"

"हसू नको गं," आई म्हणाली. "आमच्या आयटीतली केटी वेगळी. नॉलेज ट्रान्सफर. माझ्या डोक्यात जे आहे ते नव्या माणसाच्या डोक्यात ओतायचं. ओतून झालं की आपण घरी."

"घरी तर तू आधीच आहेस!"

"तेच तर," आई म्हणाली, आणि तिने शिऱ्याची वाटी बाजूला ठेवली.

निधीचं हसू तिथल्या तिथे विरलं. "म्हणजे तुझं काम गेलं?"

"जाणार. व्हिएतनामला. दा नांग नावाचं गाव आहे, समुद्राकाठी."

सोसायटीला वाटायचं, आयटी म्हणजे एसी, कॅन्टीन आणि गळ्यात पट्टा. आईच्या गळ्यात पट्टा कधीच नव्हता, कारण ती कंपनीची अशी कधी नव्हतीच. कंत्राटी. करार दर वर्षी नवा व्हायचा, झाला तर. इंग्लंडमधल्या एका पाणीपुरवठा कंपनीची बिलं ज्या सॉफ्टवेअरवर निघायची, ते आई सांभाळायची. आधी अंधेरीच्या ऑफिसात बसून, आणि लॉकडाऊननंतर घरात, फ्रिज आणि खिडकीच्या मधल्या बेचक्यात, इस्त्रीच्या टेबलावर. आईने तळहात वर केला की अख्खं घर म्यूट. कुकर बंद, मिक्सर बंद, बाबांची शिंकसुद्धा नाकातल्या नाकात. भूक लागली हे खुणांनी सांगण्यात निधी इतकी तरबेज होती, की पोहे हवेत की उपमा, हेही ती दोन बोटांत सांगू शकायची.

आणि त्या तळहातापलीकडे आईचं नाव अक्षता नव्हतं. अलेक्सा होतं.

ते नाव हेदरने ठेवलं. हेदर ही तिकडची, पाणीवाल्या कंपनीतली बाई. पहिल्याच कॉलवर तिची जीभ 'क्ष'वर अडकली. अक्, अक्स, अक्शी असं करत शेवटी ती म्हणाली, "मी तुला अलेक्सा म्हटलं तर चालेल?" निधी तेव्हा पाळण्यात होती, आईला बाळंतपणानंतरचं पहिलंच काम मिळालं होतं. आई म्हणाली, "शुअर." पुढे तो बोलणारा डबा बाजारात आला आणि निधीच्या मैत्रिणींना ऊत आला. घरी आल्या की म्हणायच्या, "अलेक्सा काकू, गाणं लावा ना!" आई हसायची. ईमेल अलेक्साच्या नावाने, कॉल अलेक्साच्या नावाने, आणि कॅमेरा कायम बंद, नेट वाचावं म्हणून. हेदरने आईचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मिहिरचा परत फोन आला. आईने मुद्दामच स्पीकर लावला, म्हणजे आजीला एकदाचं कळावं.

"मिहिर, मला एवढंच विचारायचंय, काम का हलवताय? काही चुकलं का माझं?"

"छे छे, अलेक्सा मॅडम! तुमचं काम ए वन. पण तुम्हालाच घरून करायचं होतं ना? रिमोट म्हणजे रिमोट. दहिसर काय नि दा नांग काय, हेदरच्या टेबलापासून दोन्ही लांबच. तिकडे थोडं स्वस्तात होतं."

"बरं. मग हेदरला कधी सांगताय?"

मिहिरने घसा साफ केला. "हेदरला सांगायचं नाहीये. तिला उगाच धाकधूक नको. नवीन मुलगी तुमचंच लॉगिन घेईल, तुमचाच मेल. म्हणजे तिकडून बघितलं तर अलेक्सा तीच. काही बदललंच नाही."

आईने आजीकडे बघितलं.

"आणि ऐका ना मॅडम, हे सगळं नीट, शांतपणे झालं ना, की आपल्याकडे दुसरा प्रोजेक्ट येतोय. तिथे मी तुमचं नाव पुढे करतो."

"कुठलं?" आईने विचारलं.

"कुठलं काय?"

"नाव. कुठलं पुढे करणार?"

मिहिर इस्त्रीदार हसला आणि त्याने फोन ठेवला. निधीने टाळी वाजवली, पण आईला टाळी नको होती. तिला तो दुसरा प्रोजेक्ट हवा होता. बाबा, म्हणजे सुशांत, दिंडोशीच्या कोर्टात कारकून. त्यांच्या एकट्याच्या पगारावर निधीची अकरावी आणि आजीचं गुडघ्याचं ऑपरेशन एकाच वर्षात बसणार नव्हतं, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. आजीलाही. ती तर म्हणायला लागली होती, "गुडघो काय, चलता तसो चलांदे."

केटी सुरू झाली. पहिल्या दिवशी निधीची प्रिलिमची सुट्टी होती, म्हणून ती भूगोल उघडून आईच्या मागेच बसली. पडद्यावर एक काळी चौकट, आत इंग्रजी अक्षरं, एन-जी-यू अशी काहीतरी. आई ते नाव वाचताना अडखळली. "न्गू... सॉरी, निगुएट?"

पलीकडची मुलगी सवयीने म्हणाली, "काही हरकत नाही, मला तुम्ही..."

"थांब," आई म्हणाली. "तू म्हणून दाखव."

मुलीने म्हटलं. अगदी नाकात, जिभेची मागची बाजू टाळूला लावून. निधीने भूगोल फेकला.

"आई! तो ङ आहे! क ख ग घ ङ! ङ्वेत!"

हेडफोन अजून बिघडलेलाच होता, त्यामुळे ते तिकडे ऐकू गेलं. मग ती मुलगी ओरडलीच, "येस! हेच! हे कोण म्हणालं?"

बिचारा ङ! बालवाडीपासून ओळीच्या शेवटी उभा, फळ्यावर सगळे त्याला चिकटवतात आणि कोणी कधी वापरत नाही. पहिलीच्या तक्त्यात त्याच्यासमोर चित्रसुद्धा नसतं. "ङ ला नोकरी लागली!" असं निधी घरभर नाचत सांगत सुटली. आजीनेही म्हणून बघितलं, ङ, ङ, आणि म्हणाली, "ह्या तर म्हशीक हाक मारल्यासारखा वाटता." ङ्वेतला ते भाषांतर करून सांगितलं, तर ती इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. तिच्या भाषेत त्या नावाचा अर्थ चंद्र. ती दा नांगमध्ये बहिणीच्या घरात, जिन्याखालच्या खोलीतून काम करत होती. तीही कंत्राटी.

दिवस गेले. आई शिकवायची, ङ्वेत टिपून घ्यायची. कोणत्या गावचं बिल दर तिमाहीला अडतं, कोणतं बटण दाबल्यावर थांबायचं, हेदर 'लव्हली' म्हणाली की खूश असते आणि 'राइट' म्हणाली की भडकलेली असते, सगळं. निधीला खरं तर त्या मुलीचा राग यायला हवा होता. तिने प्रयत्नही केला. पण जी मुलगी रोज आधी आजीच्या गुडघ्याची चौकशी करते तिच्यावर चिडायचं तरी कसं?

एका संध्याकाळी निधी ओट्याशी कांदा चिरत होती. बाहेरून आईचा आवाज आला. "नो प्रॉब्लेम, हेदर. लीव्ह इट विथ मी." तोच जरासा खाली उतरणारा सूर, तेच 'हेदर'मधलं अर्धवट गिळलेलं र. निधी बोटांनीच विचारायला बाहेर आली, की पोळ्या आता टाकू का? आणि पाहते तर आई ओठ मिटून बसलेली. आवाज लॅपटॉपमधून येत होता.

"बरोबर जमलं का?" ङ्वेतने विचारलं. "मिहिरने मला तुमचे जुने कॉल दिलेत. रोज ऐकून पाठ करते. हेदरला फरक कळता कामा नये म्हणतात."

आईने खुर्ची जराशी मागे ओढली. काम जाणार हे एक वेळ ठीक. कामं जातात, येतात. पण आवाजही? उद्या आई इथे ओट्याशी भाजी परतत असणार आणि तिकडे दुसरीच कोणी आईच्या गळ्यातून हेदरशी बोलत असणार. इतक्या वर्षांत आई कुणी होती आणि मग गेली, एवढंसुद्धा कुणाला कळणार नाही.

"तुला आवडतं हे?" आईने हळूच विचारलं.

"नाही," ङ्वेत म्हणाली. "बहीण मला आता चिडवते. जेवायला बोलावताना अलेक्सा म्हणून हाक मारते."

त्या रात्री जेवताना विषय निघालाच.

"नावात काय अडकून पडायचं?" बाबा म्हणाले. "एवढं शेवटचं नीट काढ. दुसरा प्रोजेक्ट पदरात पडू दे, मग काय बोलायचं ते बोल."

"दुसऱ्या प्रोजेक्टलाही हेच होणार ना बाबा," निधी म्हणाली. "तिकडे मग ॲलिस. त्याच्यानंतर ॲना. पार ॲपलपर्यंत जाऊ आपण!"

"तू जेव."

"जेवतेच आहे. तोंड दोन्ही कामं करतं."

आजी इतका वेळ आमटी भुरकत होती. तिने वाटी खाली ठेवली. "माका एक कळना नाय. तुझी ती इंग्लिश केटी रवांदे. आपली ही हयची केटी, ती म्हंजे नेमकां काय? नापास म्हंजे नापास, मगे त्येका केटी कित्या म्हणतत?"

"एटीकेटी गं, आजी," निधी म्हणाली. "फुल फॉर्म काय आई? तुला होती ना एकदा मॅथ्समध्ये?"

"सेकंड इयरला," आई म्हणाली. "ॲलाउड टू कीप टर्म्स. म्हणजे एक विषय राहिलाय खरा, पण तेवढ्यासाठी तुम्हाला बाहेर काढत नाही. तुमची टर्म तुमचीच, पुढच्या वर्गात जा, आणि..."

ती थांबली. भाताचा घास हातात तसाच.

"टर्म्स," ती परत म्हणाली, आता वेगळ्याच आवाजात. "टर्म्स म्हणजे अटीसुद्धा ना, निधी?"

"हो! अटी! ॲलाउड टू कीप अटी!"

"सुशांत, मी केटी देणार. पूर्ण देणार. त्या पोरीला एकही गोष्ट लपवून ठेवणार नाही, तिने काय घोडं मारलंय माझं. पण आयटीची नाही, युनिव्हर्सिटीची केटी. अटी माझ्या."

बाबांनी निधीकडे बघितलं, निधीने आजीकडे. आजी म्हणाली, "भात खा आधी. निवलो."

शेवटचा कॉल शुक्रवारी दुपारी होता. मिहिर, हेदर, हेदरचे दोन सहकारी आणि अलेक्सा. ङ्वेतला मिहिरने नुसतं ऐकायला बसवलं होतं, माइक बंद ठेवून, एका नुसत्याच आकड्याच्या नावाने. आईने सकाळी तिला फोन करून विचारलं होतं, "मी माझं नाव सांगणार आहे. तू तुझं सांगायचं की नाही, ते तू ठरव. तुझं काम नवं आहे. मी वाईट वाटून घेणार नाही." ङ्वेतने 'बघते' म्हणून फोन ठेवला होता.

आईने गाऊन बदलून राखाडी कॉटनची साडी नेसली. वेणी घातली. निधीने फ्रिजवरचे पाणीपुरीवाल्याचे स्टिकर खरवडायला घेतले, तर आई म्हणाली, "राहू दे. आहे ते आहे."

कॉल सुरू झाला. मिहिरने गोड आवाजात सांगितलं, की यंत्रणेत थोडे बदल होतायत, बाकी अलेक्सा आहेच. हेदर म्हणाली, "लव्हली."

आणि आईने कॅमेरा लावला.

काळ्या चौकटींच्या रांगेत एकदम एक फ्रिज उगवला, एक खिडकी, खिडकीत वाळत घातलेली निधीची ट्युनिक, आणि मधोमध आई. मागे खुर्चीवर आजी, पदर सावरून, फोटो काढायला बसतात तशी ताठ.

"अलेक्सा मॅडम, कॅमेरा चुकून..." मिहिर घाईघाईने म्हणाला.

"चुकून नाही," आई म्हणाली, तिच्या त्या सरळ, जराशा खाली उतरणाऱ्या इंग्रजीत. "हेदर, आज माझा शेवटचा दिवस. काम मी ज्यांना शिकवलंय त्या हुशार आहेत, तुम्हाला काही कमी पडणार नाही. पण त्या मी नव्हे. आणि मीही अलेक्सा नव्हे. माझं नाव अक्षता. मी मुंबईत, दहिसरला राहते. इतकी वर्षं तुमच्याशी बोलले, म्हटलं जाताना भेटून जावं."

निधी दाराच्या चौकटीला चिकटून उभी होती. मिहिर म्हणाला, "हेदर, यात थोडा गैरसमज..."

तेवढ्यात ती नुसता आकडा असलेली चौकट उजळली. जिन्याखालची खोली, वर तिरपं छत, आणि छोटे केस कापलेली, घाबरून लालबुंद झालेली एक मुलगी.

"नमस्कार," ती म्हणाली. "मी ङ्वेत. दा नांगहून. सोमवारपासून मी."

हेदरचा कॅमेरा लागायला वेळ लागला. लागला तेव्हा त्यात चष्मा डोक्यावर सरकवलेली एक वयस्क बाई दिसली, आणि तिच्या मागे, काय सांगावं, तिचाही फ्रिज! तीही घरातूनच काम करत होती.

"म्हणजे हे कुणी मला सांगणारच नव्हतं?" ती म्हणाली.

उत्तर मिहिरने द्यायचं होतं. त्याने माइक बंद केला.

"राइट," हेदर म्हणाली. निधीने जीभ चावली. राइट म्हणजे भडकली! पण पुढच्या क्षणी हेदरने चष्मा डोळ्यांवर ओढला. "काम कुठे जावं हे माझ्या वरचे ठरवतात. ते मी थांबवू शकेन असं मला वाटत नाही, आणि मी खोटं आश्वासन देणार नाही. पण माझ्या यादीत सोमवारपासून या मुलीचं खरं नाव लागेल. आणि तुमचं... परत सांगाल? अक्, शा, टा?"

"टा नाय, ता!" आजी मागून कडाडली.

"माझ्या सासूबाई," आई म्हणाली. "अक्ष, ता. क आणि श एकदम सोडायचे."

"अक्शता."

"जवळ आलात. पुन्हा."

हेदरने पुन्हा म्हटलं. मग तिच्या दोन सहकाऱ्यांनीही म्हटलं. एका क्षणाला इंग्लंडातली तीन घरं आणि दा नांगमधला एक जिना, सगळे एकसुरात 'क्ष' काढत होते, आणि निधीला वाटलं, आता आपण दारातच फुटून जाणार, फटाक्यासारख्या. नंतर ङ सुरू झाला. त्याने मात्र हेदरला घाम फोडला, पण तिने सोडला नाही.

कॉल संपला आणि लगेच मोबाईल वाजला. मिहिर. निधीने खूण केली, उचलू नको. आईने उचलला, आणि टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"हे काय केलंत तुम्ही?" इस्त्री पार गेली होती. "क्लायंटसमोर! आता विसरा तो दुसरा प्रोजेक्ट. मी तुमचं नाव देऊ शकत नाही आता, कळतंय का? अलेक्सा मॅडम, मी तुमच्यासाठी किती..."

"मिहिर, तुम्ही डोंबिवलीचे ना? मराठी शाळेतले? मागे तुम्हीच सांगत होतात, लहानपणी श्लोकांच्या स्पर्धेत तुम्हाला बक्षिसं असायची."

"त्याचा इथे काय संबंध?"

"हेदरला येत नव्हतं, म्हणून तिने नाव बदललं. ती तरी आज शिकली. तुम्हाला तर पहिल्या दिवसापासून येत होतं."

आजी खुर्चीवरून हळूहळू उठली, गुडघा दाबत, आणि आईच्या मागे येऊन उभी राहिली. त्या गुडघ्याचं आता काय होणार हे कोणालाच माहीत नव्हतं, आजीलाही नाही. तरी तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला.

"प्रोजेक्ट गेला तर गेला," आई म्हणाली. "दुसरीकडे अर्ज करीन. पण तुम्हाला माझ्याशी बोलायचं असेल, आत्ता किंवा कधीही, तर नावाने सुरुवात करा. नाहीतर मी ठेवते."

तिने बोट लाल बटणावर नेलं. खाली सोसायटीच्या गेटवर कोणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं, आणि तिचं ते पीं पीं पीं संपतच नव्हतं.

"अक्षता मॅडम," मिहिर म्हणाला. अगदी स्पष्ट, शुद्ध, बक्षीसपात्र क्ष.

"हां," आई म्हणाली. "आता बोला."